ऑनलाइन अर्जांना उत्तरच येत नाही, ओळखीतून नोकरी शोधायची तर सुरुवात कुठून करू? (एमएससी केमिस्ट्री, चोपडा)

चोपडा_केमिस्ट:

नमस्कार मंडळी. एमएससी ऑरगॅनिक झालंय जळगावच्या विद्यापीठातून, गाव चोपडा तालुक्यात. घरी केळी आणि कापूस, नोकरीधंद्यातलं घरात कोणाला काही माहीत नाही. फार्मा नाहीतर केमिकल कंपनीत क्यूसीला (मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबला) लागावं असं मनात आहे, आर अँड डी (संशोधन) मिळालं तर उत्तमच. रोज संध्याकाळी बसून पोर्टलवर अर्ज टाकतो, अंकलेश्वर वापी तारापूर नाशिक हैदराबाद सगळीकडे, आणि पुढे काहीच होत नाही, नकारसुद्धा येत नाही, नुसतं "अर्ज पाठवला" एवढं लिहून राहतं. जे फोन येतात ते "रजिस्ट्रेशन फी भरा, जॉब पक्का" असलेच.

मागच्या आठवड्यात एका लग्नात नात्यातले काका म्हणाले की असे अर्ज करून कोणी लागत नाही रे, ओळखी वाढव, नेटवर्किंग कर. बरं करतो, पण कोणाशी करू? माझ्या ओळखीत कंपनीत असलेलं कोणीच नाही. अंकलेश्वरला, सुरतला आपल्याकडची पुष्कळ पोरं आहेत हे ऐकून आहे, पण ऐकून असणं वेगळं. आणि ज्याच्याशी आयुष्यात कधी बोललो नाही त्याला एकदम "दादा मला लावा कुठेतरी" असं म्हणायला जीभ रेटत नाही. वशिला लावून लागलो असं उद्या कोणी म्हणालं तर तेही मला नकोय. ज्यांना अनुभव आहे त्यांनी जरा नीट सांगा, कुठून सुरू करू, काय बोलू.

अंकलेश्वरकर:

भाऊ मी शिरपूरकडचा, अंकलेश्वर जीआयडीसीत (गुजरातच्या औद्योगिक वसाहतीत) क्यूसीला आहे, बरीच वर्षं झाली. आधी आतून कसं चालतं ते सांगतो, म्हणजे तुझा अर्ज कुठे अडकतो ते कळेल. लॅबमधला एखादा रिझाइन टाकतो, त्याचा नोटीस पिरियड सुरू होतो, आणि शिफ्टचं गणित बिघडतं कारण एचपीएलसी (सॅम्पलमधले घटक वेगळे करून मोजणारी मशीन) रात्री पण चालू असतात, सॅम्पल थांबलं की बॅच थांबते आणि बॅच थांबली की प्रॉडक्शनवाले डोक्यावर येऊन बसतात. मग एचओडी, म्हणजे लॅबचा प्रमुख, काय करतो, एचआरला मेल टाकतो ते टाकतोच पण त्याच दिवशी लॅबमध्ये येऊन विचारतो, "कोणी आहे का रे तुमच्या बघण्यात?" तिथल्या तिथे दोनतीन नावं निघतात, रिझ्युमे व्हॉट्सअॅपवर येतात, आणि पोर्टलवर जाहिरात झळकेपर्यंत इथे इंटरव्ह्यूची तारीख ठरलेली असते. जाहिरात खोटी नसते, पण तू अर्ज टाकतो तेव्हा तुझ्या पुढे माणसं आधीच उभी आहेत.

म्हणून तुला गाठायचंय ते लॅबमध्ये उभ्या असलेल्या त्या चारपाच केमिस्टपैकी एकाला. मालकाला नाही, जीएमला नाही, जो रोज तिथे पिपेट हातात घेऊन उभा आहे त्याला. एचओडीनं विचारल्यावर त्याच्या तोंडात तुझं नाव आलं पाहिजे, बस.

आणि हात पसरण्याचं म्हणशील तर तसं काही नसतं रे. आम्हाला पण चांगलं नाव द्यायला कोणीतरी लागतंच. शिफ्टला माणूस कमी पडला की डबल ड्यूटी आमच्यावरच येते, त्यामुळे चांगला पोरगा आला तर सुटका आमची होते. फक्त पहिल्याच मेसेजमध्ये नोकरी मागू नको. समोरच्यानं त्याला काय उत्तर द्यायचं? त्याच्या हातात नोकरी नाही, मग तो "बघतो" म्हणतो आणि विषय संपतो. त्याच्यापेक्षा त्याला जे माहीत आहे ते विचार. असा काहीतरी मेसेज टाक:

"नमस्कार दादा, मी चोपड्याचा, यंदा आपल्याच डिपार्टमेंटमधून एमएससी ऑरगॅनिक झालो. सरांनी तुमचा नंबर दिला. तुमच्याकडे क्यूसीत फ्रेशर घेतात का आणि घेत असतील तर इंटरव्ह्यूला एचपीएलसीवर किती खोल विचारतात, एवढंच जाणून घ्यायचं होतं. तुमची शिफ्ट सांगितली तर त्याप्रमाणे दहा मिनिटं फोन करतो."

याला कोणीही उत्तर देतो. बोलणं झालं की तो स्वतःच म्हणतो रिझ्युमे पाठव म्हणून. नाही म्हणाला तर शेवटी विचार की अजून कोणाशी बोललेलं बरं पडेल, आणि त्याच्या नावानं पुढच्याला फोन कर. एकाकडून दुसऱ्याकडे असंच जावं लागतं.

अजून एक, मोबाइल आमच्याकडे प्लांटमध्ये चालत नाही, गेटवर जमा करावा लागतो, लॅबवाल्यांचं पण तेच. त्यामुळे सकाळी अकराला फोन केला आणि उचलला नाही म्हणून मनाला लावून घेऊ नको. नाइटवाला दुपारपर्यंत झोपलेला असतो. आधी मेसेज टाकायचा, वेळ विचारायची, मग फोन. टेन्शन लेऊ नको, व्हई जाई भाऊ.

धुळ्याची_एचआर:

मी मूळची धुळ्याची, नाशिकला एचआरमध्ये काम करते. अंकलेश्वरकरांनी जे लिहिलंय ते अगदी तसंच आहे, एचआरच्या बाजूनं थोडी भर घालते.

एका फ्रेशरच्या जागेला अर्जांचा ढीग येतो आणि त्यातले निम्म्याहून जास्त त्या जागेशी संबंध नसलेले असतात, कारण सगळेच दिसेल तिथे क्लिक करतात. मग आम्ही गाळणी लावतो, एचपीएलसी, जीएमपी (औषध बनवतानाचे दर्जाचे नियम), टायट्रेशन असे शब्द टाकून सर्च मारतो, ज्याच्या रिझ्युमेत ते शब्द नाहीत तो मला दिसतच नाही, तो कितीही हुशार असो. त्यामुळे अर्ज करणं बंद कर असं मी म्हणणार नाही, पण चार जागा निवडून त्या जाहिरातीतले शब्द तुझ्या रिझ्युमेत खरोखर आहेत का ते बघून टाक. एमएससीला प्रोजेक्ट केला असशील ना, त्यात कोणती रिअॅक्शन, टीएलसी आणि कॉलम स्वतः केला का, कोणतं इन्स्ट्रुमेंट स्वतः हाताळलं, हे लिही. "हार्डवर्किंग, टीम प्लेयर" हे कोणी वाचत नाही.

वशिल्याचं तुझ्या मनात आलं ते चांगलंच आहे, पण इथे तसं नाही. बऱ्याच कंपन्यांमध्ये रेफरलची रीतसर पॉलिसी असते, कर्मचाऱ्यानं नाव सुचवायचं, तो माणूस लागला आणि ठरलेला काळ टिकला की सुचवणाऱ्याला कंपनीच बक्षिसाची रक्कम देते. नाव सुचवल्यामुळे तुझा रिझ्युमे उघडला जातो, एवढाच फायदा. लेखी परीक्षा असली तर ती द्यावीच लागते, टेक्निकल राउंडला एचओडी बफर कसा बनवतात, मोलॅरिटी नॉर्मॅलिटी काय, कॉलम कशानं खराब होतो हे विचारतोच, आणि तिथे आलं नाही तर कोणाच्याही नावाचा उपयोग होत नाही. मी स्वतः रेफरन्सवाले कितीतरी परत पाठवलेत.

पैशाचं मात्र पक्कं लक्षात ठेव. रेफरलमध्ये पैसा कंपनीकडून कर्मचाऱ्याकडे जातो, उमेदवाराच्या खिशातून कधीच जात नाही. ओळखीचा असो, गावचा असो, कोणी जॉइनिंगआधी फी, डिपॉझिट, युनिफॉर्मचे, ट्रेनिंगचे पैसे मागितले की तिथून निघायचं. सरकारी भरतीत तर परीक्षा आणि मेरिट लिस्ट असते, तिथे "आपली सेटिंग आहे" म्हणणारा सरळसरळ फसवतोय.

आणि एक कळकळीनं सांगते, कोणी सल्ला दिला की एक वर्षाचं अनुभवाचं पत्र बनवून घे, तर अजिबात ऐकू नको. पीएफचा यूएएन नंबर असतो, त्यात कोणत्या कंपनीत केव्हापासून केव्हापर्यंत हे सगळं दिसतं, आम्ही ते मागतोच. खोटं निघालं की तुझ्यासोबत ज्यानं तुझं नाव सुचवलं त्याची पण मान खाली जाते, आणि मग तो पुढच्या पोराचं नाव द्यायला कचरतो.

सातपुडा_पायथा:

तुम्ही सगळे म्हणताय ते बरोबर असेल पण हे ज्याची माणसं आहेत त्याच्यासाठी आहे. मी धडगावकडचा, बीएस्सी झालो, घरचे ऊसतोडीला जातात. आमच्या गावातून कंपनीत ऑफिसात बसलेला एक माणूस दाखवा. ज्या समाजाची पोरं आधीपासून कंपनीत आहेत त्यांच्यातलाच पुढचा लागतो, कारण एचओडीनं विचारलं की प्रत्येकजण आपलाच भाऊ, आपलाच भाचा सांगतो. ऑनलाइन अर्जात निदान सगळे सारखे तरी असतात. ओळखीवर चाललं तर आमची पोरं कायम बाहेरच राहतील. हे मी भांडायला लिहीत नाहीये, खरंच विचारतोय, आमच्यासारख्यानं काय करायचं.

प्रयोगशाळा:

सातपुडा_पायथा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. भावकीत आणि समाजातच नोकऱ्या फिरत राहतात हे मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना वर्षानुवर्षं बघतोय. पण यात एक गोष्ट उमेदवाराच्या बाजूची आहे, ती सांगतो.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन या गावात नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला आणि 1973 साली त्यावर निबंध लिहिला. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती त्यांना विचारलं की त्या काळात त्या ओळखीच्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता. वारंवार भेटणारे निघाले शंभरात जेमतेम 17. अधूनमधून भेटणारे 56 च्या आसपास, आणि उरलेले 28 च्या आसपास तर वर्षाकाठी एकदा भेटणारे किंवा तेवढंही नाही. कारण साधं आहे, घरच्यांना आणि जिवलग मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं, नवी खबर दूरच्या माणसाकडून येते. पुढे 2022 मध्ये लिंक्डइनच्या 2 कोटी लोकांवरचा 5 वर्षांचा अभ्यास सायन्स या नियतकालिकात आला, त्यातही जवळपास असंच निघालं, अगदी अनोळखी नाही आणि अगदी जवळचाही नाही अशा मधल्या ओळखीतून नोकरी बदलायला सर्वात जास्त मदत झाली. म्हणजे ज्याचा भाऊ कंपनीत नाही त्याचा रस्ता बंद होत नाही. तोंडओळख ही कमवता येते, तिला जन्म कुठे झाला ते लागत नाही.

आता ती कमवायची कुठे, तर पहिली जागा तुमचं स्वतःचं डिपार्टमेंट. नॅकचं (महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचं) मूल्यांकन असतं तेव्हा प्रत्येक महाविद्यालयाला पास झालेले विद्यार्थी कुठे लागले, पुढे कुठे शिकायला गेले याची माहिती द्यावी लागते, नावानिशी आणि कंपनीनिशी. ती यादी कुठेतरी कपाटात असते. डिपार्टमेंटला जा, सरांना किंवा मॅडमना सांगा की मागच्या पाच वर्षांत क्यूसीला कोण कोण लागलं ते बघायचंय. नंबर थेट मागू नका, त्यांनाच त्या माजी विद्यार्थ्याला विचारायला सांगा, "आपला एक मुलगा फोन करेल, चालेल ना". शिक्षकाचा एवढा एक फोन झाला की तुम्ही अनोळखी राहत नाही. मी स्वतः असे फोन करतो आणि मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही, उलट मुलं विचारायला येतच नाहीत याचंच वाईट वाटतं. निकाल लागला की गावी निघून जातात, मग आम्हालाही कळत नाही की कोण घरी बसलंय.

दुसरी जागा कोणाच्या लक्षात येत नाही. लॅबमध्ये इन्स्ट्रुमेंटच्या सर्व्हिसला इंजिनिअर येतो ना, एचपीएलसी, यूव्ही, बॅलन्स कॅलिब्रेशनवाला, तो आमच्याकडे वर्षातून एकदोनदा येतो आणि बाकीचे दिवस याच कंपन्यांच्या लॅबमध्ये फिरत असतो. कोणत्या लॅबमध्ये नवीन मशीन बसलं हे त्याला सगळ्यांच्या आधी माहीत असतं, आणि नवीन मशीन बसलं की ते चालवायला माणूस लागतो. परवाच आमच्याकडे एकजण आला होता, यूव्हीचा दिवा बदलत होता, आमचा एक विद्यार्थी त्याच्याजवळ उभा राहून बघत होता, बेसलाइन अशी का हलते म्हणून विचारत होता. त्या इंजिनिअरनं काम थांबवून त्याला दाखवलं आणि जाताना कार्ड दिलं. काचेचं सामान आणि केमिकल पुरवणारे विक्रेतेही तसेच, त्यांचं सगळं कंपन्यांच्या परचेस विभागात येणंजाणं असतं. ही माणसं कोणाच्या जातीची नसतात, गावची नसतात, आणि चांगलं काम करणारा मुलगा त्यांच्या लक्षात राहतो.

शहादेवाला:

@सातपुडा_पायथा दादा तुम्ही कॉलेजला असताना आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात होता का? असाल तर तुमची ओळख तिथेच आहे. आमच्या वसतिगृहातली पोरं आज नाशिकला सातपूर अंबडला आहेत, काही वापीला, एकजण रेल्वेत. मी आयटीआयवाला आहे, मला पण वसतिगृहातल्याच सिनियरनं बोलावलं होतं, त्याच्याच रूमवर महिनाभर राहिलो, मेसचे पैसे पहिल्या पगारानंतर दिले. नात्याचा नव्हता, गावचा नव्हता, एका हॉलमध्ये खाटा शेजारी होत्या एवढंच. तुमच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप बंद पडला असेल तर परत चालू करा, नुसतं गुड मॉर्निंग नको, कोण कुठे आहे ते प्रत्येकाला लिहायला लावा.

आणि बीएस्सीवाल्यांना अप्रेंटिस पण करता येतं, बऱ्याच जणांना वाटतं ते फक्त आयटीआय डिप्लोमासाठी आहे. कायदा 1961 चा आहे पण 2014 ला बदल झाला तेव्हापासून बीए बीकॉम बीएस्सी पण चालतात. नॅट्सच्या (सरकारच्या अप्रेंटिस योजनेच्या) पोर्टलवर नाव टाका, वर्षभर स्टायपेंडवर काम, स्टायपेंड कमी असतो पण गेटच्या आत जाता येतं. अर्ज ऑनलाइनच आहे, पण एकदा आत गेलं की वर्षभर तिथले सगळे तुम्हाला काम करताना बघतात, मग ओळख वेगळी शोधावी लागत नाही. कंपनीनं नाही ठेवलं तरी तिथलाच कोणीतरी दुसरीकडे सांगतो.

सातपुडा_पायथा:

होतो वसतिगृहात, नंदुरबारला. खरंय, त्यातली काही पोरं बाहेर गेलीत, कॉन्टॅक्ट ठेवला नाही कोणी. बघतो ग्रुपचं. सर तुमचं पण पटलं, पण एक विनंती, तुमच्यासारखे शिक्षक सगळ्या कॉलेजला नसतात, आमच्याकडे अर्धी पदं तासिका तत्त्वावर, सर दरवर्षी बदलतात, कोणाला विचारायचं हाच प्रश्न असतो.

प्रयोगशाळा:

बरोबर आहे, त्यासाठी लॅब असिस्टंटला विचारा. शिक्षक बदलतात, लॅब असिस्टंट तिथेच असतात, आणि कोणता मुलगा कुठे लागला हे त्यांना यादी न बघता सांगता येतं, दिवाळीला गावी आलेली मुलं आधी त्यांनाच भेटून जातात.

चोपडा_केमिस्ट:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. काल डिपार्टमेंटला जाऊन आलो. मॅडमनी यादी काढून दाखवली, त्यात आमच्याच कॉरिडॉरमध्ये बसणारे दोन सिनियर अंकलेश्वरला आणि एक ताई तारापूरला निघाल्या. मॅडमनी माझ्यासमोरच ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या त्यांच्याकडे सध्या जागा नाही पण एचपीएलसीवर काय वाचायचं ते सविस्तर सांगितलं, आणि अंकलेश्वरच्या एका सिनियरचा नंबर त्यांच्याकडूनच कन्फर्म झाला. त्या दादांना अंकलेश्वरकर भाऊंनी दिला तसा मेसेज टाकला, रात्री त्यांचा फोन आला. ते म्हणाले रविवारी त्यांच्या कंपनीत वॉक-इन (थेट मुलाखती) आहे, नाव गेटवर देऊन ठेवतो, येऊन जा.

आता दोन प्रश्न. वॉक-इनला सोबत काय काय न्यायचं, डिग्री अजून हातात आली नाही, प्रोव्हिजनल आहे. आणि जागा भरली गेली, माझं नाही झालं, तर त्या दादांना परत फोन केलेला बरा दिसतो का, की त्यांना त्रास होईल?

धुळ्याची_एचआर:

फोन कर, नक्की कर. निवड झाली नाही झाली, त्याच संध्याकाळी त्यांना सांग काय विचारलं, काय आलं, काय नाही आलं. नव्वद टक्के मुलं इंटरव्ह्यू झाल्यावर गायब होतात, सुचवणाऱ्याला एचओडीकडून कळतं की तुझा पोरगा येऊन गेला. तू स्वतः सांगितलंस तर पुढच्या जागेला तेच तुला आठवणीनं बोलावतील. महिन्या दीड महिन्यानं एखादा मेसेज, बस, रोज "काही झालं का" विचारायचं नाही. आणि ज्या ताईंनी एचपीएलसीचं सांगितलं त्यांनाही कळव, त्यांनी वेळ दिलाय.

प्रोव्हिजनल चालतं. शेवटच्या वर्षाच्या मार्कशीट मात्र सगळ्या सेमिस्टरच्या ने, एकही कमी नको.

अंकलेश्वरकर:

छान झालं भाऊ. रविवारचं वॉक-इन म्हणजे गर्दी असते, नऊची वेळ दिली तर साडेआठला गेटवर पाहिजे. चोपड्याहून त्याच दिवशी निघून पोचणार नाहीस, शनिवारी अमळनेर किंवा धरणगाव गाठ, तिथून सुरतकडची गाडी पकड, सुरतहून अंकलेश्वर लोकलनं तासाभराचं आहे. रात्री सिनियरच्या रूमवर राहता येतं का विचार, नाहीतर मला मेसेज कर, आमच्या रूमवर जागा आहे, सगळी खान्देशचीच पोरं आहेत.

दहावीपासूनच्या मार्कशीट, प्रोव्हिजनल, फोटो, आधार, रिझ्युमेच्या तीनचार कॉपी. प्रोजेक्टचा रिपोर्ट पण घे, टेबलवर ठेवला की एचओडी त्यातलंच विचारतो, आणि त्यातलं तुला येतं. फॉर्मल शर्ट पॅन्ट आणि बंद बूट, चपलेवर आत सोडत नाहीत. इंटरव्ह्यूला मराठी कोणी नसेल तर हिंदीत बोललं तरी चालतं, इंग्रजी अडखळलं म्हणून गप्प बसू नको, केमिस्ट्री सांगता आली पाहिजे. निवड झाली तर मेडिकल होतं, त्यात रंगांधळेपणा बघतात कारण टायट्रेशनला रंग ओळखावा लागतो, चष्मा असेल तर सोबत ठेव. आधारच्या झेरॉक्स दोनतीन जास्तीच्या घे, गेटवर एक तिथेच ठेवून घेतात आणि रविवारी आजूबाजूची झेरॉक्सची दुकानं बंद असतात.